अर्जंट, पीपी, हैदराबाद

माझी नात पुण्याहून निरोप धाडते, 'आजी, अर्जंट फोन कर.' मी हातातलं काम टाकून फोन करते, तर तिला विचारायचं असतं की शेंगदाण्याच्या चटणीत लसूण सोलून घालायचा की सालासकट. मी सांगते आणि फोन ठेवते. अर्जंट हा शब्द कुणी उच्चारला की माझ्या मनात आजही पहिला प्रश्न उठतो, 'खरंच का?' नातीवर संशय घ्यायचं काही कारण नाही, पण सवय जात नाही. या शब्दाची छाननी करण्याचाच मला पगार मिळत होता.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण आम्ही बोर्डावर बसून 'हॅलो, औरंगाबाद' म्हणायचो आणि पलीकडूनही आम्हाला त्याच नावानं हाक यायची. परभणीची बाई म्हणायची, 'औरंगाबाद, बरी आहेस का गं? आवाज बसलाय तुझा.' मी म्हणायची, 'परभणी, तुझा मुलगा पास झाला का?' वर्षानुवर्षं बोललो, पण निम्म्या जणींची खरी नावं मला आजही ठाऊक नाहीत.

ज्यांनी ट्रंक कॉल पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तेव्हा परगावी फोन थेट लागत नसे. आधी आमच्याकडं नोंदवायचा. आम्ही एका चिठ्ठीवर कुणाला, कुठं, कोणत्या प्रकारचा कॉल हवा ते लिहायचो. त्या चिठ्ठीला आम्ही तिकीट म्हणायचो. परगावच्या लायनी मोजक्या आणि तिकिटांचा हा गठ्ठा, त्यामुळं साधा कॉल लागायला दिवस दिवस जायचा. त्यातून वाट काढायला प्रकार होते. ऑर्डिनरी म्हणजे आपला नंबर येईपर्यंत बसा. अर्जंट म्हणजे दुप्पट आकार आणि सगळ्या ऑर्डिनरींच्या पुढं. लाइटनिंग सगळ्यात वरचा, तो कुणी क्वचितच मागायचं. आणखी एक भानगड होती, पीपीची. पीपी म्हणजे ठरावीक माणूस. नुसता फोन उचलून उपयोग नाही, अमक्यालाच बोलावून द्या, असा कॉल. तो माणूस जागेवर नसला तर पूर्ण आकार पडत नसे, थोडक्यात सुटका व्हायची. ही सोय खात्यानं भल्या मनानं केली होती. लोकांनी तिचं काय केलं ते पुढं येतंच.

नोकरीच्या सुरुवातीला माझी ठाम समजूत होती की अर्जंट हा शब्द आपल्या 'अर्ज'वरूनच आलाय. निजामाच्या राज्यात कचेरीत गेलं की 'अर्ज है' म्हणायची रीत, आणि खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस अर्जंट म्हणताना तसाच वाकून बोलायचा. मी हे एकदा मोठ्या ऐटीत सुपरवायझर पिंटो मॅडमना सांगितलं. पिंटो मॅडम छावणीत राहायच्या आणि शाळेत असताना एका म्हाताऱ्या पाद्रीकडून लॅटिन शिकल्या होत्या. त्या पोट धरून हसल्या.

"अर्ज नाही गं बाई! लॅटिनमधला शब्द आहे, उर्गेरे. दाबणं, रेटणं, एखाद्याच्या मागं लागणं. तिथून फ्रेंचमधे गेला, मग इंग्रजीत आला. घड्याळाचा त्यात काही संबंध नाही. कुणीतरी मागून ढकलतंय, एवढाच अर्थ."

हे मला फार पटलं. घड्याळ बघायचं नाही, ढकलणारा कोण ते बघायचं. पुढं कित्येक वर्षं मी तेच केलं आणि त्यात मला चांगली गती होती. त्या गतीचा मला गर्वही होता. त्या गर्वापायी मी एक अर्जंट कॉल तीन तास दाबून ठेवला. एका आईला आपल्या मुलाचा आवाज ऐकायचा होता. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

आधी मी अशी संशयी कशी झाले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला जन्मतःच दुष्ट समजाल.

खिडकीशी येणारा प्रत्येकजण अर्जंटच्या जोडीला एक आजारी माणूस घेऊन यायचा. 'सिरियस आहे हो बाई.' एका गृहस्थांची मावशी माझ्या कारकिर्दीत तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "ही कोणती मावशी?" तर ते न गडबडता म्हणाले, "चुलत." सिनेमाच्या पेट्या आल्या नाहीत म्हणून थेटरवाला रडवेला व्हायचा, तो मला चालायचा, कारण तो निदान खरं बोलायचा.

खरा गुरू मला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात भेटला. धान्याचे एक शेठ रोज दुपारी हैदराबादला पीपी कॉल लावायचे. सोमवारी विचारायचे शिंदे आहेत का, मंगळवारी पाटील आहेत का, बुधवारी कुलकर्णी. पलीकडून रोज एकच उत्तर, 'नाहीत, बाहेर गेलेत.' शेठ 'बरं बरं' म्हणून फोन ठेवायचे आणि पूर्ण आकार वाचायचा. मला वाटलं, काय अभागी माणूस आहे, कुणीच कधी भेटत नाही. मग एक दिवस लक्षात आलं की ज्या दिवशी पाटील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोंढ्यात तूर चढते. मी पंधरा दिवस एका वहीत नावं टिपली. शिंदे म्हणजे विका, पाटील म्हणजे घ्या, कुलकर्णी म्हणजे थांबा. माणूस एकही नव्हता, नुसता निरोप जात होता.

हे पकडल्यावर माझा भाव वाढला. पिंटो मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझ्या मैत्रिणी बोर्डावरून हाक मारायच्या, "अगं, ह्याचा आवाज ऐक जरा, खरा का खोटा सांग." आणि मी सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

पुढं मी माझी स्वतःची एक परीक्षा काढली. ज्याच्याबद्दल शंका, त्याचं तिकीट गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचं आणि तिकडचा बाजार उठेपर्यंत तिथंच ठेवायचं. भावाचा निरोप शिळा झाला की तो माणूस आपणहून खिडकीशी येतो आणि म्हणतो, 'जाऊ द्या बाई, कॅन्सल करा.' कॅन्सल केला की खोटा, बसून राहिला की खरा. नियमात हे कुठंही नव्हतं. लाईन बिझी आहे म्हटलं की कुणाला पत्ता लागत नसे.

आता हबीबभाई.

शहागंजात मशिदीच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं स्टोव्ह आणि कंदील दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, वर पत्रा. पन्नाशीचा माणूस, बोटांना कायम रॉकेलचा वास. त्यांच्याकडं फोन कुठला असणार? दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की ते आमच्या खिडकीशी यायचे आणि ऑर्डिनरी पीपी कॉल नोंदवायचे. हैदराबादच्या एका चहाच्या हॉटेलचा नंबर. माणूस, मुनीर अली. दर शुक्रवारी उत्तर एकच, 'नाहीत.' हबीबभाई मान हलवायचे, शुक्रिया म्हणायचे आणि जायचे.

दर आठवड्याला एकच नाव आणि एकच उत्तर. माझे कान उभे राहायला आणखी काय हवं?

एकदा मी खिडकीच्या ड्युटीवर असताना त्यांना सरळ विचारलं, "काय हो, हा माणूस कधीच नसतो. मग तुम्ही फोन कशाला करता?"

ते आमच्याकडच्या त्या निम्म्या मराठी, निम्म्या दखनी बोलीत म्हणाले, "बडे भाई हायेत माझे. पुलीस ॲक्शन झाली ना, तवा गेले घरातून. निजामच्या पुलीसमधी होते. मला बोलले, चल, सगळेच जाऊ. मी नाय बोललो. म्हटलं, अम्मी इथंच हाय, घर इथंच हाय, मी नाय येत. लई भांडण झालं. गेले ते गेलेच, कागद नाय, काय नाय. आता आमच्यातल्या एकानं बघितलं त्यांना, या हॉटेलात चाय पिताना. म्हणून लावतो फोन."

"आणि पत्ता?"

"पत्ता कुणाला ठावं नाय. लॉरीवर असत्यात म्हणे. येत्यात कधीमधी."

मी तिकीट लिहिलं, पण विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर ते नुसतं पीपीच्या लबाडीमुळं नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत माझ्या वडिलांनी आम्हा लेकरांना घेऊन गाव सोडलं होतं. मी अगदी लहान होते. बैलगाडीत वडील आईला सारखे 'पोरीला गप्प कर' म्हणत होते, तेवढंच आठवतं. निजामाचा पोलीस हा शब्द आमच्या घरात कुणी हळू आवाजातच उच्चारायचं. त्यामुळं हबीबभाईंचा भाऊ निजामाच्या पोलिसात होता हे कळल्यावर मी त्यांची गोष्ट ऐकणं तिथंच थांबवलं. बाकीचं नुसतं कानावरून गेलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणार नाही. थोडं कळत होतं.

मग तो शुक्रवार आला.

मी आत हैदराबादच्या लायनीवर होते आणि बाहेर खिडकीवर माझी मैत्रीण शकुंतला. आमच्यामधे काचेचा पडदा होता, त्यातून बाहेरचं बाकडं दिसायचं. दोनच्या सुमाराला शकुंतला स्वतः तिकीट घेऊन आत आली.

"तुझे स्टोव्हवाले आलेत. आज अर्जंट मागतायत."

"अर्जंट? आजवर ऑर्डिनरी लावणारा माणूस आज दुप्पट देतोय?"

"अगं, हॉटेलवाल्याचं पोस्टकार्ड आलंय म्हणे. भाऊ सापडलाय. आज नमाजनंतर हॉटेलात बसवून ठेवतो, फोन करा, असं कळवलंय. भाऊ म्हणतो, अम्मीचा आवाज ऐकला तर घरी येईन. म्हणून आईला घेऊन आलेत. ती बघ."

काचेतून बघितलं तर बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. पांढरी ओढणी, हातात काठी, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. हबीबभाई तिच्या शेजारी उभे होते आणि सारखे घड्याळाकडं बघत होते.

तुम्ही म्हणाल, आता तरी. पण माझ्यासारख्या मुरलेल्या संशयी बाईला पुरावे जितके जास्त, तितका वास जास्त येतो. पोस्टकार्ड, भाऊ, आई, सगळं एकाच दिवशी? म्हातारीसुद्धा आणून बसवली! मोंढ्यातला शेठही एकदा सुनेला पदर डोळ्याला लावून घेऊन आला होता. ढकलणारा कोण ते बघ, मी मनात म्हटलं. आणि तिकीट तळाशी सरकवलं.

"लाव की गं," शकुंतला म्हणाली. "म्हातारी आहे."

"बसू दे," मी म्हटलं. "खरी असेल तर बसेल."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्यात मला काही कमी करून सांगायचं नाही.

अडीचला हबीबभाईंनी खिडकीत डोकावून विचारलं. लाईन बिझी. सव्वातीनला विचारलं. लाईन बिझी. त्या वेळात मी एका सूतगिरणीचा कॉल लावला, एका वकिलाचा लावला आणि परभणीशी दोन मिनिटं लोणच्याच्या खारावर बोलले. चारला ते पुन्हा आले आणि या वेळी शकुंतलेला ओलांडून काचेपाशीच आले.

"बाई, अर्जंट हाय ना आपला?"

"अर्जंट सगळ्यांचंच असतं," मी आतून म्हटलं.

ते परत गेले. आईनं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी खाली वाकून तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि काठी मांडीवर आडवी घेतली. ती जायचं नाव काढत नव्हती. माझ्याच परीक्षेप्रमाणं ती पास झाली होती. पण मी म्हटलं, पाच वाजू देत, बाजार उठू दे, मग बघू.

पाच वाजले. कॅन्सल करायला कुणी आलं नाही. सव्वापाचला मी प्लग लावला.

हैदराबादच्या बोर्डावर एक वयस्कर गृहस्थ असायचे, त्यांना मी भाईसाब म्हणायची. त्यांनी हॉटेलचा नंबर लावून दिला. नियम असा की आधी मी विचारायचं, पीपी हजर आहे का, आणि असेल तरच दोन्ही बाजू जोडायच्या. पण मला तर निरोप पकडायचा होता. मी काहीएक न विचारता सरळ जोडून दिलं आणि ऐकत राहिले.

बाहेर फोनची घंटा वाजली. हबीबभाईंनी रिसीव्हर उचलला आणि आपल्या कानाला न लावता आईच्या हातात दिला.

"मुनीर?" म्हातारी म्हणाली. "मुनीर, बोल बेटा. मैं अम्मी."

पलीकडं कपबशांचा आवाज येत होता. कुणीतरी खाकरलं.

"अम्मा, मैं हॉटलवाला. मुनीर साब बैठे थे. जुमे के बाद से बैठे थे, इसीच फोन के सामने. असर की अजान हुई, पाँच बजे, तो उठ गए. बोले, उनो लोगां मेरेकू माफ नै करे, समझ गया मैं. अब्बी गए अम्मा. चाय का गिलास अब्बी टेबल पोच है."

म्हातारीनं विचारलं, "दुबला हुआ क्या?"

मी हेडसेट कानावरून काढला. पुढं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एका कॉलची ठरलेली तीन मिनिटं झाली तरी मी मधे पडले नाही.

हबीबभाई खिडकीशी आले तेव्हा शकुंतला उठून मागं निघून गेली, म्हणून मला पुढं यावं लागलं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, काय झालं वो लाईनला?" मी म्हटलं, "लाईन खराब होती." ते म्हणाले, "हां. हुती असंल." आणि आईला हाताला धरून हळूहळू पायऱ्या उतरून गेले. संशय घेणं हे त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. मला त्या क्षणी त्याचा राग आला. थोडं भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा आले. पुन्हा ऑर्डिनरी. मी त्यांचं तिकीट सगळ्या अर्जंटांच्या वर ठेवलं आणि पाच मिनिटांत कॉल लावला. 'नाहीत.' त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. भाऊ हॉटेलात येईनासाच झाला होता. दीड-दोन महिने हे चाललं, आणि मग पिंटो मॅडमनी मला बोलावलं. समोर माझी तिकिटं पसरली होती.

"ऑर्डिनरी कॉल अर्जंटच्या आधी? आणि नेमका एकाच माणसाचा, दर शुक्रवारी? कोण लागतो गं हा तुझा?"

त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण ते माझंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं तसं बघत होतं. मी सगळं सांगून टाकलं, तळाशी सरकवलेल्या तिकिटापासून. मॅडम मेमो देतील असं वाटलं. त्यांनी तिकिटं गोळा केली आणि विचारलं, "त्या माणसाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

तेवढ्यात हबीबभाईंचं येणं बंद झालं. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, महिना गेला. शेवटी मी घरातला स्टोव्ह पिशवीत घालून शहागंजला गेले. चांगला चालता स्टोव्ह. नुसतं जाऊन उभं राहायचा धीर नव्हता, हातात काहीतरी निमित्त हवं होतं.

हबीबभाईंनी स्टोव्ह हातात घेतला, पंप मारला, पिन फिरवली, ज्योत बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"यात काय बिघाड नाय बाई."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही फोनला येत नाही आता."

"कशाला येऊ? अम्मी गेली. गेल्या महिन्यात." त्यांनी ज्योत बारीक केली. "अम्मीसाठी हुतं ते. मला काय, मी तर ते घर सोडून गेले त्याचा राग कवाच सोडला. पण त्यांनी नाय ना सोडला."

ओट्याशी उभी राहून मी त्यांना सांगितलं. लाईन खराब नव्हती. तुमचं तिकीट मी दाबून ठेवलं होतं. तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटलं. तुमचा भाऊ निजामाच्या पोलिसात होता म्हणून जास्तच वाटलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण नाही आलं.

ते स्टोव्ह पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"अम्मी घरी जाऊन बोलली," ते म्हणाले, "लाईनच बिगडी हुंगी, किसका कुसूर नै. मरेपर्यंत तेच बोलली." मग स्टोव्ह माझ्या पुढ्यात सरकवला. "घेऊन जावा. ठीक हाय हा."

त्यांनी मला माफ केलं नाही आणि मी माफी मागितलीही नाही. मागण्यासारखं तोंड नव्हतं.

ऑफिसात परत आल्यावर मी एक काम केलं. त्याला नियमात जागा नव्हती, पण नियम मोडायची मला सवय होतीच. हैदराबादच्या भाईसाबना म्हटलं, त्या हॉटेलवाल्याला एवढा निरोप द्या. मुनीर साब कधी आले तर सांगा, त्या शुक्रवारी घरच्यांनी दोन वाजताच अर्जंट लावला होता. आई तीन तास बाकड्यावर बसून होती. उशीर औरंगाबादच्या ऑपरेटरनं केला.

भाईसाब म्हणाले, "तुमने?"

"हो, मी."

त्यांनी निरोप पोचवला असणार, कारण ते तसेच होते. आई गेल्याचं मात्र मी सांगितलं नाही. ते सांगण्याचा हक्क हबीबभाईंचा आहे, असं मी मनाला समजावलं. आता वाटतं, धीर झाला नाही एवढंच खरं.

दिवस गेले. थंडी संपून ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी, बोर्डावर फारशी गर्दी नसताना, हैदराबादचा दिवा लागला.

"औरंगाबाद," भाईसाब म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखा नव्हता. "एक पीपी है. शहागंज में हबीब स्टोव्हवाले, उनके मार्फत. बुलाके लाना पडेंगा."

मी तिकीट ओढलं. "पीपीचं नाव?"

"जैनब बी."

माझं पेन तिथंच थांबलं. जैनब बी हे त्या म्हातारीचं नाव. त्या शुक्रवारच्या तिकिटावर हबीबभाईंनी स्वतः सांगून लिहवलं होतं, बोलणारी व्यक्ती म्हणून.

"क्लास?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचेना.

"ऑर्डिनरी. मैं बोला, अर्जंट करो. उनो नक्को बोल रैं."

आणि मग मधेच एक अनोळखी आवाज आला. जाड, थकलेला, लॉरीवर उन्हातान्हात काढलेल्या माणसाचा. त्यानं भाईसाबांच्या हातून रिसीव्हर मागून घ्यावा तसा तो मधे घुसला.

"बाई, सुनो. मेरेकू हॉटलवाले सब बोले. तुम्हारेकू कुछ नै बोलना मेरेकू. बस अम्मी कू जल्दी नक्को करो. उनकू चलने कू तकलीफ होती हुंगी अब. आराम से लाव. मैं बैठा हूँ."

बोर्डावर बसलेल्या बाईच्या तोंडी अशा वेळचं एक ठरलेलं वाक्य असतं. पीपी हजर नाही. दिवसातून पन्नासदा मी ते म्हणत असे. त्या वेळी ते माझ्या तोंडून निघालं नाही.

"बसा," मी म्हटलं. "उठू नका. मी स्वतः जाते."

मी हेडसेट शकुंतलेच्या कानावर घातला आणि म्हटलं, ही लाईन सोडायची नाही, कितीही अर्जंट आला तरी सोडायची नाही. तिनं तो नीट बसवून घेतला. पिंटो मॅडम टेबलावरून बघत होत्या. मी पायऱ्या उतरले आणि रिक्षा न बघता शहागंजच्या दिशेनं चालायला लागले, मग पळायला लागले. पस्तिशीची, साडी नेसलेली बाई भर बाजारातून पळतेय म्हणून लोक वळून बघत होते.

हबीबभाई ओट्यावर एका कंदिलाची काच बसवत होते. मला बघून त्यांनी मान वर केली आणि आधी माझ्या हातांकडं पाहिलं. या वेळी माझ्या हातात स्टोव्ह नव्हता.

त्यांनी काच खाली ठेवली आणि काही न विचारता उठले.